ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही? घाई करण्याआधी हे वाचा

महिन्याची २० तारीख. दुपारचे चार वाजलेत. सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आलाय. एका कंपनीचं जीएसटी रिटर्न आजच भरायचं आहे. कंपनीचं रिटर्न असल्यामुळे डिजिटल सही लागणार. सहीचं टोकन यूएसबीत लावलंय, पण कॉम्प्युटर ते ओळखायलाच तयार नाही. ड्रायव्हर इन्स्टॉल करायला घेतला, तर अर्ध्यावर एक लाल फुली येते आणि सगळं बंद पडतं.

तिकडे साताऱ्यात एक कंत्राटदार टेंडर भरायला बसलाय. मुदत संध्याकाळी पाचला संपणार. पोर्टल सांगतंय की सहीचं सॉफ्टवेअर आधी इन्स्टॉल करा. सेटअपवर क्लिक केलं की काहीच होत नाही.

दोन्हीकडे पुढचं संभाषण साधारण सारखंच असतं. कुणीतरी म्हणतं, "अँटिव्हायरस बंद कर." दुसरा म्हणतो, "गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोध." तिसरा म्हणतो, "मशीन फॉरमॅट मारू."

हे तिन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात. त्यातले पहिले दोन तर महागात पडू शकतात.

सॉफ्टवेअर इन्स्टॉल न होण्यामागे जवळजवळ नेहमी तीनच प्रश्न असतात. या मशीनला ते झेपतं का? ते टाकायची तुम्हाला परवानगी आहे का? आणि हातातली फाइल खरी आणि पूर्ण आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं क्रमाने शोधली, तर बरेचसे घोळ इंजिनिअर न बोलावता सुटतात. जे सुटत नाहीत, तिथे नेमकं कुणाला फोन करायचा हे तरी कळतं.

आधी मेसेज वाचा

एररची चौकट आली की आपण ती वाचायच्या आधी 'ओके' दाबून मोकळे होतो. मग मदतीला आलेला माणूस विचारतो, "काय आलं होतं?" आणि आपण म्हणतो, "काहीतरी एरर आली."

त्यापेक्षा मोबाइलने चौकटीचा फोटो काढा. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये बहुतेक वेळा एक आकडा दिलेला असतो आणि त्या आकड्याला अर्थ असतो. नेहमी भेटणारे काही आकडे असे :

- ५ : परवानगी नाही.
- ११२ : डिस्कवर जागा नाही.
- १६०१ : विंडोजची इन्स्टॉलर सेवाच चालू नाही किंवा अडकली आहे.
- १६०३ : इन्स्टॉलेशन फसलं. हा सर्वसाधारण आकडा आहे. जागा, परवानगी, जुन्या आवृत्तीचे अवशेष अशी अनेक कारणं यामागे असू शकतात.
- १६१८ : दुसरं काहीतरी आधीच इन्स्टॉल होतंय. ते संपेपर्यंत थांबा.
- १६२५ : ऑफिसच्या धोरणानुसार हे इन्स्टॉल करायला मनाई आहे.
- १६३३ : हे पॅकेज या प्रकारच्या प्रोसेसरसाठी नाही.
- १६३८ : याच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीपासून आहे.
- ३०१० : ही चूक नाहीच. इन्स्टॉल झालं आहे, फक्त रीस्टार्ट करा.

शेवटचा आकडा बघून अनेक जण घाबरतात आणि तोच सेटअप पुन्हा चालवतात. त्याची काही गरज नसते.

रीस्टार्ट करा, पण खरा

'बंद करून चालू कर' हा सल्ला आपण हसण्यावारी नेतो. पण त्यात एक मेख आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाऊन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करत असलात, तरी अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहू शकते.

'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे इन्स्टॉलेशन फसलं की शट डाऊन न करता रीस्टार्ट निवडा. १६०१ आणि १६१८ या आकड्यांवर अनेकदा एवढाच उपाय पुरतो.

पहिला प्रश्न : या मशीनला हे झेपतं का?

सुरुवात विंडोजच्या आवृत्तीपासून करू. विंडोज ७ ची मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा १४ जानेवारी २०२० ला संपली. २०२३ च्या सुरुवातीपासून क्रोम ब्राउझरनेही विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मशीन 'चालतंय ना' म्हणून ठेवलं असेल, तर ते चालेलही. पण नवं सॉफ्टवेअर त्यावर बसेलच असं नाही, आणि इथे दोष सेटअपचा नसतो.

विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे नवं मशीन घेण्याआधी तुमची सगळी कामाची सॉफ्टवेअर त्यावर चालतात का, हे विक्रेत्याला विचारा. नुसती रॅम आणि किंमत बघून घेतलेलं मशीन नंतर डोकेदुखी ठरतं.

दुसरी गोष्ट ३२ बिट आणि ६४ बिट. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडलं की 'सिस्टिम टाइप' दिसतं. ३२ बिट विंडोजवर ६४ बिटचं सॉफ्टवेअर चालतच नाही. उलट, ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचं बरंचसं साधं सॉफ्टवेअर चालतं, पण ड्रायव्हर मात्र चालत नाही. प्रिंटर आणि सहीच्या टोकनच्या बाबतीत घोळ होतो तो इथेच. जुन्या सीडीतला ड्रायव्हर नव्या मशीनवर बसत नाही तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट सी ड्राइव्हवरची जागा. सेटअपची फाइल १ जीबीची असली म्हणजे १ जीबी जागा पुरते असं नाही. फाइल आधी उलगडावी लागते, मग तिची प्रत बसवावी लागते. दुप्पट-तिप्पट जागा मोकळी हवी. डी ड्राइव्ह रिकामा असून उपयोग नसतो, कारण तात्पुरत्या फाइल सी ड्राइव्हवरच ठेवल्या जातात.

चौथी गोष्ट तारीख आणि वेळ. हे कारण कुणाच्या लक्षात येत नाही, पण वर्षानुवर्षं वापरात असलेल्या मशीनमध्ये हमखास सापडतं. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. बहुतेक ठिकाणी त्याचा नंबर सीआर २०३२ असतो. तो संपला की वीज गेल्यावर मशीनची तारीख थेट काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, सॉफ्टवेअरची सही 'अवैध' दिसते, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं मशीनला वाटतं. वरवर ही सगळी सॉफ्टवेअरची भानगड दिसते. उपाय मात्र घड्याळाच्या दुकानातही मिळणारा एक स्वस्त सेल असतो. रोज सकाळी तारीख चुकीची दिसत असेल, तर सेटअपशी झटापट करण्याआधी तो बदलून घ्या.

दुसरा प्रश्न : तुम्हाला परवानगी आहे का?

घरच्या कॉम्प्युटरवर आपणच मालक. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तसं नसतं. विंडोजमध्ये साधारण दोन प्रकारची खाती असतात. ॲडमिनिस्ट्रेटर खातं सगळं बदलू शकतं. साधं खातं रोजचं काम करू शकतं, पण सगळ्यांना लागू होईल असा बदल करू शकत नाही.

सेटअप अर्ध्यावर थांबतो किंवा चालूच होत नाही, त्यामागे हे कारण फार वेळा असतं. अशा वेळी सेटअपच्या फाइलवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. पासवर्ड विचारला आणि तो तुमच्याकडे नसेल, तर तो ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा. तो मिळवण्यासाठी आडवाटा शोधू नका.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांत कॉम्प्युटर अनेकदा एका मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेले असतात. कोणतं सॉफ्टवेअर चालेल आणि कोणतं नाही, हे तिथूनच ठरतं. १६२५ हा आकडा आला तर समजा की दार मुद्दाम बंद ठेवलेलं आहे. तिथे तुम्ही कितीही वेळा सेटअप चालवलात तरी उपयोग नाही. आयटी विभागाला फोटोसह मेल करा. सरकारी कार्यालयात असाल तर तुमच्या विभागाने नेमलेल्या तांत्रिक माणसाला विचारा.

छोट्या ऑफिसात याच्या उलट चित्र असतं. अडत दुकान असो, पतसंस्थेची शाखा असो की डीटीपी सेंटर, सगळे जण एकाच ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावर आणि बहुतेक वेळा पासवर्डशिवाय काम करतात. त्यात इन्स्टॉलेशन सोपं जातं हे खरं. पण चुकून उघडलेल्या घातक फाइललाही तेवढंच सोपं जातं. रोजच्या कामासाठी साधं खातं आणि इन्स्टॉल करण्यापुरतं वेगळं ॲडमिनिस्ट्रेटर खातं, ही सवय पाच मिनिटांत लावता येते.

आधीचं काहीतरी हवं असतं

काही सॉफ्टवेअर एकटं येत नाही. त्याला घराचा पाया लागावा तशी आधीची काही पॅकेजं लागतात.

'डॉट नेट फ्रेमवर्क ३.५' हे त्यातलं एक. हिशेबाची आणि बिलिंगची अनेक जुनी सॉफ्टवेअर यावर चालतात. विंडोज १० मध्ये ते सुरुवातीला चालू नसतं. कंट्रोल पॅनेलमधल्या 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' या यादीत जाऊन ते चालू करावं लागतं.

दुसरं म्हणजे 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'ची पॅकेजं. अमुक डीएलएल फाइल सापडत नाही असा मेसेज आला, तर बहुतेक वेळा यातलं एखादं पॅकेज नसतं. अशा वेळी ती एकटी डीएलएल फाइल कुठल्यातरी वेबसाइटवरून आणून टाकू नका. त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. पूर्ण पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. आणि यादीत याच नावाची पाच-सहा पॅकेजं दिसली म्हणून 'जास्तीची' काढून टाकू नका. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वेगवेगळ्या वर्षांची पॅकेजं लागतात.

तिसरा प्रकार जुन्या आवृत्तीच्या अवशेषांचा. आधीचं सॉफ्टवेअर काढायचं तर त्याचा फोल्डर डिलीट करून भागत नाही. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून ते 'अनइन्स्टॉल' करा, रीस्टार्ट करा आणि मग नवं टाका. तरीही जुनं निघत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल' नावाचं मोफत दुरुस्ती साधन आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र काहीही काढण्याआधी डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का, हे बघा. सॉफ्टवेअर परत मिळतं, तीन वर्षांच्या नोंदी मिळत नाहीत.

तिसरा प्रश्न : फाइल खरी आहे का?

आता अँटिव्हायरसचा विषय.

क्विक हील हे अँटिव्हायरस तुम्ही पाहिलं असेल. त्याचे संस्थापक कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. १९९० च्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले. ते काढण्यासाठी त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. म्हणजे हा उद्योग जन्मालाच आला तो दुरुस्तीच्या टेबलावर, बिघडलेली मशीन बघून.

त्यामुळे 'अँटिव्हायरस बंद कर आणि टाक' हा सल्ला ऐकताना थांबा. अँटिव्हायरसने सेटअप अडवला तर दोन शक्यता असतात. एक, सॉफ्टवेअर खरं आहे पण फार कमी लोक वापरतात, म्हणून त्याला संशय आला. दोन, फाइलमध्ये खरंच काहीतरी आहे. नुसतं बघून तुम्हाला यातला फरक कळणार नाही. पण तपासता येतो.

फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब असेल तर त्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. ते नाव अपेक्षित कंपनीचंच असेल आणि सही वैध दाखवत असेल, तर फाइल वाटेत बदललेली नाही. टॅबच नसेल तर फाइल खोटीच आहे असं नाही, पण सावध व्हा. ती तुम्ही कुठून घेतली? व्हॉट्सॲपवर आली, की कंपनीच्या अधिकृत साइटवरून? खात्री पटली तर तेवढ्या एका फाइलपुरती सूट अँटिव्हायरसमध्ये देता येते. पूर्ण संरक्षण बंद करायची गरज नसते.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा वेगळाच धोका. त्याच्याबरोबर येणारी सूचना नेहमी एकच असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' का, ते आता लक्षात आलं असेल. कायदाही इथे कडक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैदेतून सूट देऊ शकतं. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा वापर धंद्यासाठीच असतो.

खऱ्या कंपनीच्या फाइलमध्येही कधी गडबड निघू शकते. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला झाला. तो पसरला युक्रेनमधल्या हिशेब आणि कर भरण्याच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. जहाज कंपनी मर्स्कचं काम जगभर ठप्प झालं आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनललाही फटका बसला. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की त्यांना ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. १९ जुलै २०२४ ला तर हल्लाही नव्हता. एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसने यातून एवढंच घ्यायचं की नवं सॉफ्टवेअर किंवा मोठं अपडेट आधी एकाच मशीनवर टाका. दोन दिवस चालवून बघा. मग बाकीच्यांवर.

डिजिटल सहीचं टोकन : सगळ्यात जास्त अडकणारी जागा

जीएसटी, ई-टेंडर, कंपनी नोंदणी, तलाठी कार्यालयातले फेरफार अशा सगळ्या कामांत डिजिटल सही लागते. इथे एक नाही, तीन गोष्टी बसवाव्या लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी टोकनचा ड्रायव्हर. टोकन काढून ठेवा, ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा आणि मग टोकन लावा. शक्यतो हबमध्ये न लावता थेट मशीनच्या मागच्या यूएसबीत लावा.

मग टोकनचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर उघडून त्यात तुमचं प्रमाणपत्र दिसतं का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे बघा. इथेच दिसत नसेल तर पोर्टलवर प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

शेवटी पोर्टलचं सही करण्याचं सॉफ्टवेअर. पूर्वी हे काम ब्राउझरमधल्या जावा प्लगइनने व्हायचं. २०१५ मध्ये क्रोमने तसले प्लगइन बंद केले. तेव्हापासून बहुतेक पोर्टल एक वेगळा प्रोग्राम देतात, जो तुमच्या मशीनवर मागे चालू राहतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. तो चालू नसेल किंवा फायरवॉलने अडवला असेल, तर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा मेसेज येतो. लोकांना वाटतं इंटरनेट गेलं. खरं तर तो 'सर्व्हर' तुमच्याच टेबलावर असतो. प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने पुन्हा चालू करा आणि ब्राउझर बंद करून उघडा. दोन टोकन एकाच वेळी लावली असतील तर एक काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' असं बटण असतं. ते दाबू नका. त्याने आतलं प्रमाणपत्र पुसलं जातं आणि ते परत आणता येत नाही. नवीन घ्यावं लागतं. पिनही अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होतं.

आणि टोकन पिनसकट दुसऱ्याच्या हातात देऊन 'तूच कर' म्हणू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ नुसार या सहीला कायद्याची मान्यता आहे. कलम ४२ नुसार ती आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही आहे त्यानेच घ्यायची असते. तिचा गैरवापर झाल्याचं कळलं तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं असतं. कोऱ्या चेकवर सह्या करून पुस्तक कुणाला देत नाही, तसंच हे.

एक दिलासा. जीएसटीत एकल मालकीच्या व्यवसायाला रिटर्न भरताना डिजिटल सहीऐवजी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने पडताळणी करता येते. कंपनी आणि एलएलपीला मात्र डिजिटल सहीच लागते. टोकन चालत नाही म्हणून मालकाचं रिटर्न अडवून ठेवू नका. उशीर झाला तर साधारणपणे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. टेंडरच्या बाबतीत तर दंड भरूनही आत जाता येत नाही. पोर्टलच्या सर्व्हरच्या घड्याळाने मुदत संपली की दार आपोआप बंद होतं.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन

नव्या मशीनवर जुनी मराठी फाइल उघडली आणि अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसलं, तर फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं.

नवं टाइपिंग युनिकोडमध्येच करायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आतच असतो. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कीबोर्डही आला आहे. भाषेच्या सेटिंगमधून तो चालू करा.

फॉन्ट टाकूनही शेजारच्या खात्यावर दिसत नसेल, तर तो फक्त तुमच्या खात्यापुरता बसला आहे. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते.

नेट आणि वीज गेली तर?

काही सेटअप फक्त एक-दोन एमबीचे असतात. चालू केल्यावर ते खरं सॉफ्टवेअर नेटवरून ओढतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी भागात पावसाळ्यात नेट मध्येच गेलं की असा सेटअप अर्ध्यावर मरतो. अधिकृत साइटवर 'ऑफलाइन इन्स्टॉलर' आहे का ते बघा. ती फाइल मोठी असते, पण एकदा उतरवली की दहा मशीनवर वापरता येते. आणि इन्स्टॉलेशन चालू असताना मशीन यूपीएसवर असू द्या. मध्येच वीज गेली तर जुनं निघालेलं आणि नवं न बसलेलं, अशी अवस्था होते.

मदत मागताना

सर्च करून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर भरवसा ठेवू नका. तिथला माणूस रिमोट ॲप टाकायला सांगेल, मग पडद्यावर तुमचं सगळं त्याला दिसेल. नंबर घ्यायचा तो सॉफ्टवेअरच्या बिलावरून, परवान्याच्या मेलवरून किंवा अधिकृत साइटवरून. ओळखीच्या इंजिनिअरला रिमोटवर घेतलं तरी बँकेची पानं बंद करा, सहीचं टोकन काढून ठेवा आणि काम झालं की रिमोट ॲप काढून टाका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मदत मागताना चार गोष्टी सांगा : विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, आणि एररचा फोटो. एवढ्याने निम्मं काम होतं.

एक वही ठेवा

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या अनेक दुकानांत आणि ऑफिसांत पाणी शिरलं. अशा वेळी यंत्र विम्यातून किंवा उधार-उसनवारीने पुन्हा घेता येतं. पण त्यावर काय काय होतं, कोणती आवृत्ती, परवान्याची किल्ली कोणती, कोणत्या मेल आयडीवर नोंद आहे, हे कुणालाच आठवत नाही.

म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरसाठी एक पान लिहून ठेवा. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, परवाना क्रमांक, कुठून घेतलं, कधी टाकलं, मदतीचा नंबर. सेटअपच्या फाइल आणि डेटाचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क ऑफिसात नको, दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा. वहीच्या पानाचा फोटो मालकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. पासवर्ड आणि पिन मात्र या वहीत लिहू नका.

थोडक्यात, अडकलात तर हा क्रम

१. एररचा फोटो काढा, आकडा बघा.
२. रीस्टार्ट करा, शट डाऊन नको.
३. तारीख-वेळ आणि सी ड्राइव्हवरची जागा तपासा.
४. विंडोजची आवृत्ती आणि ३२/६४ बिट जुळतात का, बघा.
५. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवा. मनाई असेल तर आयटीला कळवा.
६. जुनी आवृत्ती नीट काढा, लागणारी आधीची पॅकेजं टाका.
७. फाइल अधिकृत साइटवरून पुन्हा उतरवा, तिची सही तपासा.
८. अँटिव्हायरस चालूच ठेवा. सूट द्यायची तर एकाच फाइलपुरती.

आणि हे सगळं २० तारखेला दुपारी चारला करू नका. नवं मशीन आलं, टोकन नवं घेतलं, विंडोज बदललं, की त्याच आठवड्यात पोर्टलवर लॉगिन करून सहीचं सॉफ्टवेअर टोकन ओळखतं का ते बघून घ्या. १० तारखेला आलेली एरर ही फक्त एरर असते. २० तारखेला तीच एरर विलंब शुल्क आणि व्याज घेऊन येते.